रस्टमधलं वॅझम साध्या जेएसपेक्षा हळू चालतंय, चूक कुठे?

जॅकार्ड_सोलापूर
चादरीची नक्षी ब्राउझरमध्येच दाखवायची आहे. २४०० × ३२०० चा फोटो घेऊन प्रत्येक पिक्सेलला ८ सुतांपैकी सर्वांत जवळचा रंग द्यायचा. फंक्शन रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून त्याचं वॅझम (वेबअसेंब्ली, ब्राउझरमध्ये चालणारा यंत्राजवळचा कोड) केलंय, जेएसच्या (जावास्क्रिप्टच्या) लूपमधून पिक्सेलगणिक बोलावतो, सोबत रंगांचा अ‍ॅरे देतो. साध्या जेएसपेक्षाही हळू! सिम्ड (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम) लावू का?

अक्कलकोट_रोड
सिम्ड राहू द्या. ७६ लाख ८० हजार वेळा जेएस आणि वॅझममधली वेस ओलांडताय. नुसती ये-जा तशी स्वस्त असते, भारी पडतोय तो अ‍ॅरे. वॅझम-बाइंडजेन (रस्ट आणि जेएस जोडणारं साधन) दर कॉलला त्याच्यासाठी वॅझमच्या मेमरीत जागा घेतं, कॉपी करतं, मग सोडतं.

लूपच रस्टच्या आत न्या. चित्राचा बफर (सुमारे ३० एमबी) रस्टच्या व्हेकमध्ये (वाढू शकणाऱ्या यादीत) ठेवा, जेएसला फक्त पॉइंटर (मेमरीतला पत्ता) द्या आणि त्यावर व्ह्यू (कॉपी न करता तीच मेमरी दाखवणारा अ‍ॅरे) बनवून इमेजडेटा (ब्राउझरला दाखवायचे पिक्सेल) काढा. त्याऐवजी जेएसमधला अ‍ॅरे म्यूटेबल स्लाइस (रस्टला बदलता येणारा तुकडा) म्हणून पाठवलात तर ३० एमबी आत आणि तेवढेच परत बाहेर कॉपी होतात.

दोन रंगांमधल्या अंतराला वर्गमूळ नको, वर्गांची बेरीज पुरते. यू८ (० ते २५५ चा पूर्णांक) मधून यू८ थेट वजा करू नका. रिलीज बिल्डमध्ये (वेगासाठी केलेल्या अंतिम बिल्डमध्ये) ३ वजा ५ चे गुपचूप २५४ होतात आणि भलतंच सूत निवडलं जातं. आधी आय३२ (ऋण आकडेही मावणारा पूर्णांक) करा.

बाणा_ताणा
वरच्याला जोड. लाल, हिरवा, निळा प्रत्येकाचे वरचे ५ बिट घेऊन ३२,७६८ नोंदींचं टेबल एकदाच भरा. मग पिक्सेलमागे ८ तुलनांऐवजी एक वाचन. दोन सुतांच्या सीमेवरचे रंग किंचित इकडेतिकडे होतील, चादरीला चालतं.

कार्गोच्या (रस्टच्या बिल्ड साधनाच्या) रिलीज प्रोफाइलमध्ये वेग वाढवणाऱ्या या सेटिंग्ज ठेवा: ऑप्ट-लेव्हल ३, एलटीओ चालू, कोडजेन-युनिट्स १. डेव्ह (विकासाच्या वेळच्या) बिल्डवर वेळ मोजू नका. क्रोममध्ये पहिली फेरीही धरू नका, ती लिफ्टऑफ या झटपट कंपायलरच्या कच्च्या कोडवर चालते, जास्त वेगवान कोड देणारा टर्बोफॅन मागून येतो. फोनवर मोजायचं तर सावलीत. इथल्या मे महिन्यात तापलेला फोन स्वतःच वेग कमी करतो.

जॅकार्ड_सोलापूर
जबरदस्त फरक पडला! पण दुसरा, मोठा फोटो उघडला की इमेजडेटा बनवतानाच एरर येते.

अक्कलकोट_रोड
मोठ्या व्हेकसाठी मेमरी वाढली की जुना बफर सुटतो आणि त्यावरच्या व्ह्यूची लांबी ० होते. व्ह्यू साठवून ठेवू नका. रस्टमध्ये जागा घेऊन झाल्यावर पॉइंटर पुन्हा मागा, मेमरीचा बफर पुन्हा वाचा, मगच नवा व्ह्यू.