२५ पाउंडरच्या क्वाडवर कोणत्या खुणा काढू? (नॉर्मंडी, जुलै १९४४)

धागाकर्ता:
नमस्कार मंडळी. १/३५ मापाची मॉरिस क्वाड (तोफ ओढणारी गाडी), मागे लिंबर (तोफगोळ्यांचा गाडा) आणि २५ पाउंडर तोफ असं किट दोन महिने जोडतोय. डिकलचा (मॉडेलवर चिकटवायच्या खुणांचा) कागद जुना निघाला. '४३' लिहिलेला लाल-निळा चौकोन पाण्यात सोडला, तर चिमट्यावर येईपर्यंत त्याचे तीन तुकडे झाले. आता सगळ्या खुणा हातानेच रंगवणार आहे. प्रसंग हिल ११२ च्या लढाईचा, म्हणजे ब्रिटिश पायदळाची ४३ वी वेसेक्स डिव्हिजन. चौकोनातला ४३ हा डिव्हिजनचाच क्रमांक ना? मग तोफखान्याच्या सगळ्या गाड्यांवर तोच येईल का?

तोफगाडा:
नाही हो, इथेच बहुतेकांची गल्लत होते. वर लाल, खाली निळा हा चौकोन रॉयल आर्टिलरीचा, म्हणजे ब्रिटिश तोफखान्याचा. त्यातला पांढरा आकडा डिव्हिजनचाही नाही आणि रेजिमेंटचाही नाही. तो डिव्हिजनमधलं त्या तुकडीचं स्थान सांगतो. पायदळाच्या प्रत्येक डिव्हिजनमध्ये तीन फील्ड रेजिमेंट्सना ४२, ४३, ४४ हेच आकडे असायचे. अँटी-टँकला ४६, हलक्या विमानविरोधी रेजिमेंटला ४७. म्हणजे ५१ व्या हायलँडच्या गाडीवरही ४३ सापडेल. डिव्हिजन कोणती हे ओळखायचं शेजारच्या बोधचिन्हावरून. हायलँडचं 'एचडी', तुमच्या वेसेक्सचा निळ्यावर सोनेरी वायव्हर्न, म्हणजे दोन पायांचा पंखवाला ड्रॅगन.

दोन्ही खुणा मिळूनच रेजिमेंट ठरते. वेसेक्सच्या फील्ड रेजिमेंट्स ९४, ११२ आणि १७९. आकडे ज्येष्ठतेने लावायचे, म्हणून वायव्हर्न आणि ४३ एकत्र दिसले की ती ११२ वी फील्ड रेजिमेंट. टेकडी ११२ आणि रेजिमेंटही ११२ हा निव्वळ योगायोग, पण तुमच्या देखाव्याला मी हीच रेजिमेंट सुचवेन.

आणखी एक चौकोन लागेल, बॅटरीचा, म्हणजे रेजिमेंटमधल्या उपतुकडीचा. तो निळा असतो आणि त्याचा एक चतुर्थांश भाग लाल. लाल कोपरा कुठे आहे यावरून बॅटरी कळते. त्यावरच्या अक्षरातून ट्रूप (बॅटरीचा अर्धा भाग) कळतो: पहिल्या बॅटरीचे ए आणि बी, दुसरीचे सी आणि डी, तिसरीचे ई आणि एफ. ट्रूपमागे चार तोफा, म्हणजे रेजिमेंटच्या चोवीस.

पुढे पिवळ्या चकतीवर काळ्या आकड्यात पुलाचा वर्ग हवा, म्हणजे गाडीला किती क्षमतेचा पूल लागतो ते. बाजूला पांढरा नोंदणी क्रमांक काढा. तोफ ओढणारी गाडी ट्रॅक्टरमध्ये धरली जायची, म्हणून तो 'एच'ने सुरू होईल. टपावर वर्तुळातला पांढरा तारा विसरू नका, आपल्याच विमानांना ओळख पटावी म्हणून तो असायचा.

मापाचं म्हणाल तर आर्टिलरीचा चौकोन साधारण ९ इंचांचा, म्हणजे तुमच्याकडे साडेसहा मिलिमीटर. मास्किंग टेप लावून आधी पूर्ण लाल मारा, वाळू द्या, मग खालचा अर्धा निळा. आकडा शेवटी.

रंगारी:
वरच्या माहितीत रंगाची भर घालतो. एप्रिल १९४४ पासून ऑलिव्ह ड्रॅब आला, पण आधीच्या गाड्या सरसकट पुन्हा रंगवल्या नाहीत. त्यामुळे जुलैमधली तपकिरी क्वाड, वर काळे गोल ठिपके, अगदी बरोबर ठरेल. मी तरी तपकिरीच घेईन, लाल-निळा त्यावर छान उठून दिसतो.

धागाकर्ता:
तोफगाडादादा, मनापासून आभार. सगळीकडे ४३ काढून मोकळा झालो असतो. ११२ वी रेजिमेंट, दुसरी बॅटरी, डी ट्रूप असं ठरवतो. गाडी तपकिरीच रंगवली आहे. यानंतर इटलीतली ४ थी मराठा अँटी-टँक रेजिमेंट करायची मनात आहे. तिलाही ४६ च चालेल का?

तोफगाडा:
४६ सरळ उचलू नका. ती रेजिमेंट ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती आणि मी दिलेली यादी ब्रिटिश पायदळ डिव्हिजनची आहे. आधी त्या डिव्हिजनच्या गाडीचा, क्लोव्हरच्या पानांचं चिन्ह स्पष्ट दिसणारा फोटो शोधा. त्यावर जो आकडा दिसेल तोच काढा. फोटो मिळाला तर इथे टाका, मलाही बघायचाय.