तापोळा: स्पीडबोटीच्या पेट्रोल लाइनचे जोड गळतायत, टेफ्लॉन टेप तीनदा बदलून झाली

शिवसागरकाठ

बोट २० फुटी, ५.७ लिटर व्ही-८ स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पंखा मागे बाहेर), वर चार बॅरलचा होली कंपनीचा कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप मेकॅनिकल. तापोळ्याच्या धक्क्यावर असते. फिल्टरचं हेड आणि पंपापासून कार्बपर्यंतची लाइन नवीन टाकली, फिटिंग साताऱ्यात मिळाली तशी घेतली. आता तीन जागा ओल्या आहेत.

फिल्टर हेडच्या आउटलेटला ३/८ इंची पितळी एल्बो आहे. ती तीन-साडेतीन फेऱ्यांतच घट्ट होते, तरी आट्यांतून पाझरते. दुसरं, पंपाच्या आउटलेटला डॅश-८ मापाचं (अर्ध्या इंचाच्या नळीचं) फ्लेअर निपल आणि त्यावर फ्रिज-एसीवाल्याकडून आणलेला १/२ चा पितळी फ्लेअर नट. इंजिन चालू झालं की नटाच्या मागून थेंब येतो. तिसरा कार्बच्या बाउलमध्ये (पेट्रोल साठतं त्या वाटीत) जाणारा मोठा नट, तो फक्त ओलसर राहतो.

टेप तिन्हीकडे लावली आहे. शिवाय ३५०० आरपीएमच्या वर इंजिन दम सोडतं आणि थ्रॉटल कमी केला की सुरळीत होतं. बोट रात्रभर उभी राहिली की सकाळी इंजिनचं झाकण उघडताच पेट्रोलचा भपका येतो.

एक जण सिलिकॉन लाव म्हणतो, एक जण एम-सील. नक्की काय लावायचं? आणि शनिवार-रविवारी बोट काढावी का?

कुपवाड_फिटर

शेवटचा प्रश्न आधी. बोट काढू नका, एक फेरीसुद्धा नाही. गाडीखाली गळलेलं पेट्रोल वाऱ्याने उडून जातं. बोटीत तसं होत नाही. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते, ती इंजिनखाली बोटीच्या तळात साचते आणि तिथून आपोआप बाहेर पडत नाही. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की स्टार्टरच्या एका ठिणगीवर पेट घेते. आजच बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, मग पॉझिटिव्ह. झाकण उघडं ठेवा, तळातलं पेट्रोल फडक्याने टिपून घ्या आणि ती फडकी बोटीत ठेवू नका.

आता जोडांकडे. तुमचे तिन्ही जोड तीन वेगळ्या जातीचे आहेत आणि तिन्हींना एकच औषध लावलंय. जोड सील कुठे होतो हे आधी बघायचं, सीलंटचा विचार नंतर.

एल्बो आट्यांवर सील होते, कारण तिचे आटे निमुळते असतात. सीलंट लागतं ते फक्त इथे. पण तुमची एल्बो तीन फेऱ्यांत अडते, त्यावरून मला वेगळाच संशय आहे. इंजिन अमेरिकन आहे, म्हणजे फिल्टर हेडला एनपीटी (अमेरिकन पाइपचे निमुळते) आटे असणार. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ‘३/८ निपल’ मागितलं की हातात बीएसपी (ब्रिटिश पाइपच्या आट्यांचं) येतं. एनपीटी ३/८ ला इंचात १८ आटे आणि आट्याचा कोन ६० अंश. बीएसपी ३/८ ला इंचात १९ आणि कोन ५५. बाहेरचा व्यासही साधारण अर्धा मिलिमीटर कमी, १७.१ च्या जागी १६.७. त्यामुळे ती सुरुवातीला छान बसते, मग आटे एकमेकांवर चढतात आणि घट्ट झाल्यासारखं वाटतं. आट्याच्या माथ्यापाशी गोल वळणारी बारीक फट मात्र उघडीच राहते. त्या फटीत कुठलंही सीलंट फार दिवस टिकत नाही. पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची पट्टी) लावून बघा. गेज नसेल तर कॅलिपरने दहा आटे मोजा: एनपीटी असेल तर १४.१ मिमी, बीएसपी असेल तर १३.४.

आणि जोर लावून आणखी फिरवू नका. हेड ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं असतं. निमुळता आटा आत जाताना पाचरीसारखं काम करतो, भोकाच्या कडेला केसासारखी चीर जाते आणि मग हेडच बदलावं लागतं.

डॅश-८ नटाचं दुखणं निराळं. तो सुळक्यावर, म्हणजे निपलच्या शंकूसारख्या टोकावर सील होतो, आटे फक्त दाबून धरायला असतात. त्यावर टेप लावली तर सुळका पुरता टेकत नाही, म्हणजे टेपच गळती वाढवते. तुमच्या बाबतीत त्याहून मोठी चूक नटात आहे. फ्रिज-एसीचा १/२ फ्लेअर नट ३/४-१६ आट्यांचा (पाऊण इंच व्यास, इंचात १६ आटे) असतो आणि डॅश-८ सुद्धा ३/४-१६ चाच, म्हणून तो हाताने शेवटपर्यंत जातो. पण फ्रिजची फ्लेअर ४५ अंशांची आणि डॅश फिटिंगचा सुळका ३७ अंशांचा. दोन कोन एका पातळ रेघेवर भेटतात आणि इंजिनच्या थरथरीत ती रेघ हलते. सुळक्याला मार्कर पेनची शाई फासा, नट हलका आवळून उघडा. शाई रुंद पट्ट्यात पुसली गेली तर कोन बरोबर. एका कडेला दोऱ्याएवढी रेघ उमटली तर ४५ चा नट आहे.

कार्बचा मोठा नट होलीमध्ये ७/८-२० सरळ आट्यांचा असतो आणि फक्त वॉशरवर सील होतो. टेप काढून टाका, नवा वॉशर टाका, बाउलचा तो भाग ब्रशने स्वच्छ करा. बाउलचा धातू मऊ असतो, आटे मेले तर अख्खा बाउल जातो.

मिरज_ऑटोलेथ

वरच्या उत्तराशी सहमत. टेपबद्दल एक जोडतो. टेपचे धागे आट्यातून सुटून लाइनमध्ये जातात आणि फिल्टरच्या पुढे असतील तर थेट कार्बच्या नीडल-सीटमध्ये (बाउल भरला की पेट्रोल बंद करणाऱ्या सुईच्या जागी) अडकतात. नीडल बसली नाही की बाउल भरून वाहतो आणि माणूस त्यालाही जोडाची गळती समजतो. तुमच्याकडे टेप तीनदा लागली आहे, तेव्हा पंप ते कार्ब लाइन उलटी धरून झटका आणि नीडल-सीट उघडून बघाच.

आरटीव्ही सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि सुटून गोळे होतात. एम-सीलने जोड बाहेरून झाकला जातो, आतली फट तशीच राहते. निमुळत्या आट्यांसाठी हवाबंद जागेत सेट होणारं थ्रेड सीलंट घ्या, लॉकटाइट ५६७ किंवा ५७७. दोन्ही बाजूचे आटे पितळी ब्रशने घासा, अ‍ॅसिटोनने तेल काढा. टोकाचे पहिले दोन आटे कोरडे ठेवून पुढच्या तीन-चार आट्यांवर सगळीकडून लावा. हाताने घट्ट, मग पान्याने दीड ते दोन फेरे. हेड दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर सगळा पीळ ब्रॅकेटवर जातो. एल्बोचं तोंड हव्या दिशेला आणायचं तर पुढेच न्यायचं. पाव फेरा जरी मागे घेतलात तरी उघडा, पुसा, पुन्हा लावा.

पितळावर हे लवकर सेट होतं, स्टेनलेस किंवा अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर उशिरा. तापोळ्याच्या थंडीत आणखी उशीर. २४ तास पेट्रोल सोडू नका. प्लास्टिकच्या फिटिंगला मात्र हे लावायचं नाही, प्लास्टिक तडकतं.

डॅश-८ चे ३७ अंशांचे नट हायड्रॉलिकच्या दुकानात ‘जेआयसी’ नावाने मिळतात, साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत विचारा. कोन आणि आटे तेच. पण तिथून हायड्रॉलिक होज घेऊ नका, तो तेलासाठी असतो. पेट्रोलच्या होजवर ‘आयएसओ ७८४०’ किंवा ‘एसएई जे१५२७’ आणि पुढे ‘ए१’ असं छापलेलं हवं, म्हणजे तो आगीत काही काळ तग धरतो आणि त्यातून वाफ कमी झिरपते. पेट्रोल भरतो त्या पंपावर हल्ली ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, जुन्या नायट्राइल ओ-रिंग त्यात कडक होतात. फिल्टर काढलाच आहे तर तिथे व्हायटॉनच्या (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या) टाका.

सुळक्यावर ओरखडा असेल तर ३७ अंशांचा मऊ तांब्याचा शंकूसारखा वॉशर मधे बसवता येतो. आवळायचं हाताने घट्ट झाल्यावर साधारण पाव फेरा, म्हणजे नटाच्या दीड बाजू.

कोयना_मरीन

दोन्ही उत्तरांत राहिलेला भाग ३५०० आरपीएमचा आहे. फिल्टर पंपाच्या आधी आहे, म्हणजे ती एल्बो ओढीच्या बाजूला येते. इंजिन बंद असताना तिथून पेट्रोल बाहेर झिरपतं, चालू असताना त्याच फटीतून हवा आत जाते. जोराच्या वेगात पंपाला पेट्रोलबरोबर बुडबुडे मिळतात आणि बाउल रिकामा होतो. एल्बो सुधारली की हा त्रास बहुधा जाईल. राहिला तर पंपाच्या इनलेटला व्हॅक्यूम गेज लावा: पूर्ण वेगात २ इंच पाऱ्यापेक्षा जास्त ओढ दिसली तर कुठेतरी अडथळा आहे. ओढ कमी आणि तरी दम सोडतंय, तर हवा शिरतेय.

रात्रभराच्या भपक्याचं कारण मात्र फक्त एल्बो नसावं. टाकीच्या आउटलेटला अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो, आत गोळी आणि स्प्रिंग. पुढे लाइन गळली तरी पंपाची ओढ नसेल तेव्हा तो टाकी अडवून धरतो. लाइनमध्ये उरलेलं थोडं पेट्रोल झिरपून थांबायला हवं. रोज सकाळी नव्याने ओलं दिसत असेल, तर व्हॉल्व्ह काढून टाकलेला आहे किंवा गोळी उघडी अडकली आहे. तो काढून तोंडाने हवा फुंका: टाकीच्या बाजूने अलगद फुंकल्यावर हवा जाता कामा नये. ‘ओढ कमी होते’ म्हणून तिथे साधं निपल लावलेल्या बोटी असतात. ते धोक्याचं आहे. होज फुटला तर सगळी टाकी बोटीच्या तळात उतरते.

शिवसागरकाठ

मोजलं. एल्बोचे दहा आटे १३.४. शाई दोऱ्याएवढ्या रेघेत पुसली गेली. टाकीवर साधं निपल आहे, व्हॉल्व्ह नाहीच. हेडच्या भोकाशी चीर दिसत नाही, पण पहिले दोन आटे चेपलेत. पुन्हा टॅप मारून चालेल का?

मिरज_ऑटोलेथ

फक्त चेपलेले आटे सरळ करण्यापुरता, तोही ३/८-१८ एनपीटीचाच टॅप, ग्रीस लावून हाताने आणि जुन्या खोलीपर्यंतच. खोल नेलात तर भोक मोठं होतं आणि एल्बो तळाला टेकेपर्यंत घट्टच होत नाही. बुरादा आत राहू देऊ नका. आधी भोकाच्या कडेला रॉकेल लावा, पुसा, वर खडूची पूड टाका. केसाएवढी चीर असेल तर दहा मिनिटांत खडूवर ओली रेघ उमटते. उमटली तर हेड टाकून द्या, वेल्डिंग नको.

कुपवाड_फिटर

सगळं बसल्यावर पेट्रोलने तपासू नका, हवेने तपासा. लाइन रिकामी करून उघड्यावर करा. पंप ते कार्ब आणि टाकी ते पंप असे दोन भाग वेगळे. कार्बकडचं टोक डॅश-८ च्या कॅपने बंद करा, गेज असलेल्या हातपंपाने ७ पीएसआय भरा. इंजिनच्या पेट्रोल पंपाचा दाब ३ ते ७ मध्येच असतो, त्यामुळे इतकं पुरे. दहा मिनिटं काटा हलता कामा नये. ओढीच्या बाजूला टाकीकडचं टोक बंद करून ३ पीएसआय. टाकीत हवा भरायची नाही. साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि जोडाची खालची बाजू आरशात बघा, फेस बहुतेक वेळा तिथेच येतो. कंप्रेसरची नळी लावू नका, पंपाचा पडदा फाटतो.

नवा व्हॉल्व्ह बसला, हवेत लाइन टिकली की पेट्रोल सोडा, ब्लोअर (तळातली वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवा, वास घ्या आणि मगच चावी फिरवा. धक्क्याला बांधून झाकण उघडं ठेवून १५ मिनिटं चालवा. थंड झाल्यावर फ्लेअर नट पान्याने एकदा तपासा. सीलंट लावलेली एल्बो मात्र पुन्हा आवळू नका, सेट झालेला थर तुटतो.