क्रेडिट पॉइंट आणि मॉर्फिन
कुणी म्हणतं, डॉक्टरांची प्रशिक्षण शिबिरं म्हणजे नुसता सोपस्कार. अर्धं खरं आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणी नूतनीकरणाला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट, म्हणजे अशा प्रशिक्षणाचे गुण, लागतात, त्यामुळे सही करून, जेवून निघणारे असतातच. पण मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या अफूजन्य औषधाचं बघा. अमली पदार्थ कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, तरी 'व्यसन लागेल' म्हणून हात आखडणारे आजही भेटतात. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही आणि सोबत बद्धकोष्ठता होऊ नये म्हणून रेचक सुरू करायचं, हे शिकवावंच लागतं. माझ्या मते आधी नर्सना शिकवा. रात्री कळ उठते तेव्हा वॉर्डात त्याच असतात. पण प्रशिक्षणासाठी त्यांना ड्युटीतून सोडतंय कोण!