‘ज्येष्ठ नट’ की ‘ज्येष्ठ अभिनेते’?

फलकलेखिका

आमच्या गावच्या वाचनालयात डॉ. श्रीराम लागू यांच्या नाटक-चित्रपटांतील भूमिकांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार असून परिचयफलकाचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिले वाक्य मी असे लिहिले होते: ‘ज्येष्ठ नट डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात झाला.’ समितीच्या एका सदस्यांनी ‘नट’ खोडून त्या जागी ‘अभिनेते’ केले आणि समासात ‘एवढ्या मोठ्या माणसाला नट म्हणू नये’ असा शेरा मारला. ‘नट’ या शब्दात खरोखरच कमीपणा आहे का? दोन दिवसांत मजकूर छपाईला द्यायचा आहे.

जुना प्रेक्षक

ज्या माणसाने १९७० साली ‘नटसम्राट’मध्ये गणपतराव बेलवलकर उभे केले, त्यालाच नट म्हणायचे नाही, ही मौज आहे. शिरवाडकरांना ‘अभिनेता’ हा शब्द ठाऊक नव्हता असे त्या सदस्यांना वाटते काय? ‘अभिनयसम्राट’ असे नाव ठेवून पाहा, म्हणजे वाऱ्यावर गेलेल्या म्हाताऱ्याचे नाटक सत्कारसमारंभाच्या पत्रिकेसारखे वाटू लागेल. केशवराव दाते, नानासाहेब फाटक यांना आपण ‘नटवर्य’ म्हणतो आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

विभक्ती

‘नटवर्य’ आणि ‘नटसम्राट’ ही उदाहरणे येथे लागू पडत नाहीत (श्लेष अनवधानाने झाला, तो तसाच राहू द्यावा), कारण त्या समासांत मान ‘वर्य’ आणि ‘सम्राट’ या उत्तरपदांतून येतो. एकट्या ‘नट’ शब्दाची अडचण मला व्याकरणाची वाटते. मराठीत आपण आदरार्थी बहुवचन वापरतो. ‘अभिनेता’चे ‘अभिनेते’ होते आणि तो आदर शब्दाच्या अंत्य स्वरात ऐकू येतो. ‘नट’ अकारान्त पुल्लिंगी असल्यामुळे त्याचे अनेकवचनही ‘नट’च राहते, ‘ते थोर नट होते’ या वाक्यात सगळा आदर ‘ते’ आणि ‘होते’ यांनाच वाहावा लागतो. फलकावर सर्वनाम-क्रियापद दूर पडले की शब्द उघडा पडल्यासारखा वाटतो. शिवाय ‘नटणे’, ‘नटवा’, ‘नटवी’ ही मंडळी शेजारीच बसलेली आहेत, त्यांचीही सावली पडते.

मूळशोध

शेजाऱ्यांवरून माणसाची पारख करू नये. ‘नट’ हा शब्द पाणिनीच्याही आधीचा आहे. अष्टाध्यायीत शिलाली आणि कृशाश्व यांच्या नटसूत्रांचा उल्लेख येतो, म्हणजे भरताचे नाट्यशास्त्र आज मिळते त्या रूपाला येण्यापूर्वीच नटांसाठी स्वतंत्र सूत्रग्रंथ होते. धातू ‘नट्’ हा ‘नृत्’चेच प्राकृत वळण घेतलेले रूप मानला जातो. वर्तमानपत्रांच्या आणि चित्रपट-साप्ताहिकांच्या सोवळेपणाने अडीच हजार वर्षांचा शब्द गावकुसाबाहेर घालवला, हे मला मुळीच मान्य नाही. ज्यांना हा शब्द हलका वाटतो, त्यांनी कान तपासून घ्यावेत, आणि लागू स्वतः कान-नाक-घशाचेच शल्यविशारद होते.

विभक्ती

पाणिनीच्या काळी शब्दाला जो मान होता, तो त्याला आजन्म पेन्शन म्हणून मिळत नाही. माझी आजी ‘नट’ हा शब्द ओठ मुडपून उच्चारत असे आणि ‘अमक्याचा मुलगा नट झाला’ हे वाक्य ती ‘अमक्याच्या मुलाने घर सोडले’ याच सुरात सांगत असे. तो सूर आमच्या घरातील सर्वांच्या कानात आहे, त्या सदस्यांच्याही असणार.

तालीमखोली

मी हौशी नाटकांत गेली बरीच वर्षे पडद्यामागे काम करतो. आमच्याकडे ‘नट’ याखेरीज दुसरा शब्द कोणी उच्चारत नाही. ‘नटसंच’ ठरतो, ‘नटमंडळी’ जेवायला बसतात, ‘हा नट दुसऱ्या अंकात पडतो’ असे दिग्दर्शक वैतागून म्हणतो. ‘अभिनेते’ हा शब्द फक्त निवेदकाच्या कागदावर असतो आणि तो ऐकला की आता हार-तुरे येणार हे ओळखावे.

लागूंच्या बाबतीत तर ‘नट’ या शब्दाला वेगळे वजन आहे. पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमध्ये भालबा केळकरांबरोबर ते नाटके करीत होते, तेव्हा ते डॉक्टरही होते. पुढे टांझानियातील टबोरा येथेही त्यांनी वैद्यकी केली. १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीच्या आसपास, कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून त्यांनी तो व्यवसाय सोडून पूर्णवेळ नाटक पत्करले. समाजाने आधीच ज्याला मान दिला होता त्या माणसाने जाणूनबुजून नट होणे निवडले. आता आपण त्यांना ‘अभिनेते’ करून पुन्हा दवाखान्याच्या पाटीखाली नेऊन बसवतो आहोत, असे मला वाटते.

आणि हेही पाहा की आत्मचरित्राला नाव देताना मोठे नट मानाचा शब्द शोधत नाहीत. चिंतामणराव कोल्हटकरांनी ‘बहुरूपी’ म्हटले, लागूंनी ‘लमाण’.

मूळशोध

‘लमाण’ काढलात ते बरे झाले. ते नाव ‘नटसम्राट’मधूनच आले आहे: नट हा इकडचा माल तिकडे पोचवणारा, माल लेखकाचा, असा तो भाव. आता गंमत अशी की ‘अभिनय’ या शब्दाची फोडही नेमकी हीच आहे. ‘अभि’ म्हणजे समोर, ‘नी’ म्हणजे नेणे. प्रयोगाचा अर्थ प्रेक्षकांसमोर नेतो तो अभिनय, असे नाट्यशास्त्राचा आठवा अध्याय सांगतो. त्यामुळे लागूंना ‘अभिनेते’ म्हणा किंवा ‘लमाण’ म्हणा, धंदा एकच, वाहतुकीचा. माझाच मुद्दा यामुळे लंगडा होतो हे मला दिसते आहे, पण व्युत्पत्ती सुंदर आहे म्हणून सांगितली. ‘लमाण’ स्वतः ‘लवण’वरून आला, कारण ही मंडळी मिठाची वाहतूक करीत.

तांडा

मिठाची व्युत्पत्ती अनेक जण ठामपणे सांगतात. ती सर्वमान्य नाही. मी पुसदकडचा आहे आणि या शब्दाच्या आतल्या बाजूला राहतो, म्हणून थोडे सांगतो. ‘लमाण’, ‘लमाणी’, ‘बंजारा’ ही इतरांनी आम्हाला दिलेली नावे आहेत. आपसात आम्ही ‘गोर’ किंवा ‘गोरमाटी’ म्हणतो. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ नेण्याच्या व्यापाराला आमच्याकडे ‘लदेणी’ म्हणतात. रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर ती मोडली.

लागूंनी तो शब्द नम्रतेने घेतला याविषयी मला शंका नाही आणि रागही नाही. परंतु ‘आम्ही फक्त वाहून नेणारे’ हा अर्थ काढताना लदेणीवाल्याला मालाची काही पारख नसे असे गृहीत धरले जाते. कुठल्या मुलुखात काय पिकले, कुठे टंचाई आहे, कोणत्या घाटातून पावसाआधी उतरता येईल, हे नाईकाला कळले नाही तर अख्खा तांडा बुडत असे. त्या अर्थाने पाहिले तर ‘लमाण’ हा नटासाठी फार नेमका शब्द आहे, मात्र नम्रतेचा नाही. ‘सामना’मध्ये हिंदुराव धोंडे पाटलासमोर उभा राहिलेला तो दारुडा मास्तर केवळ तेंडुलकरांचा माल पोचवून थांबतो, असे कोणी म्हणेल काय?

जुना प्रेक्षक

नाही म्हणणार. ‘पिंजरा’तही त्यांनी मास्तरच केला, पण शांतारामबापूंचा तो ढासळत जाणारा गुरुजी वेगळा आणि हा आधीच ढासळलेला असूनही प्रश्न विचारायचे न थांबवणारा मास्तर वेगळा. नुसत्या हमालीने एवढे अंतर पडत नाही. तांडा यांचे म्हणणे मला पटले.

विभक्ती

पटले असेल, परंतु मग लेखकाचे काय? बेलवलकरांची स्वगते दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही म्हटली. माल तोच होता म्हणूनच तुलना करता येते.

तालीमखोली

माल तोच होता आणि पोचला मात्र वेगवेगळा, हेच तर तांडा सांगत आहेत.

फलकलेखिका

सर्वांचे आभार. तूर्त मी ‘ज्येष्ठ रंगकर्मी’ असे सुचवले आहे.

मूळशोध

ताई, कृपा करून तसे करू नका. ‘रंगकर्मी’ हा शब्द प्रकाशयोजनाकारापासून नेपथ्यकारापर्यंत सर्वांना सामावून घेतो आणि ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘घरोंदा’ यांना मात्र दाराबाहेर ठेवतो. तुमच्या प्रदर्शनातील निम्मी छायाचित्रे चित्रपटांची असतील.

विभक्ती

या एका बाबतीत मी मूळशोध यांच्याशी सहमत आहे. एक शंका मात्र उरते. तुमच्या फलकांवर ‘नटसम्राट’मधील कावेरी, म्हणजे शांता जोग, याही असणारच. लागू ‘नट’ असतील, तर त्यांना ‘नटी’ म्हणण्याची येथे कोणाची तयारी आहे?

मूळशोध

संगीत नाटकांच्या नांदीनंतर सूत्रधाराबरोबर नटीच येत असे.

विभक्ती

मी फलकाविषयी विचारले होते.