सिसेरोचा हरभरा ही चेष्टा नव्हे

गोदाकाठ:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'रोमन लोक व्यंगावरून नावं ठेवून एकमेकांची टर उडवत.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. रोमन पुरुषाला बहुधा तीन नावं, पहिलं स्वतःचं, दुसरं घराण्याचं, तिसरं त्यातल्या शाखेचं. रोमचा वक्ता आणि राजकारणी सिसेरो, त्याचं हे तिसरं नाव म्हणजे हरभरा. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, त्याच्या पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच होती. राजकारणात उतरताना मित्र म्हणाले, नाव बदल. हा म्हणाला, स्कॉरस आणि कातुलस या बड्या नावांपेक्षा हेच नाव मोठं करून दाखवतो. (स्कॉरस म्हणजे सुजलेल्या घोट्यांचा, कातुलस म्हणजे कुत्र्याचं पिल्लू.) सिसिलीत अधिकारी असताना देवाला चांदीचं भांडं वाहिलं, त्यावर मार्कस, तुलियस कोरून तिसऱ्या नावाच्या जागी हरभऱ्याचा दाणा काढायला लावला. लाज वाटणारा माणूस असं करेल?

पाणवठा:
ते गमतीने केलं, असं प्लुटार्कच म्हणतो. तो शब्द तुम्ही सोयीने गाळलात. आणि लोक हसत नसते तर मित्रांनी नाव बदलायला सांगितलंच कशाला? मला शाळेत दातांवरून नाव पडलं. आज पन्नाशीतही गावच्या एसटी स्टँडवर तीच हाक येते, अजून लागते. कालिगुला म्हणजे छोटा बूट. सम्राट झाल्यावर त्यालाही ते नाव खपत नसे.

गोदाकाठ:
गल्लत करताय. ते छावणीतल्या शिपायांनी पोराला ठेवलेलं नाव, घराण्याचं नव्हे. पुरुषांची पहिली नावं वापरात होती जेमतेम दीड डझन. घराघरात मार्कस आणि लुसियस, मग ओळखायचं कसं? तिसऱ्या नावाने. रोमन सेनापती पाँपीचा बाप स्त्राबो, म्हणजे तिरळा. इ.स.पू. ८९ मध्ये त्याच नावाने कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी झाला.

अबोली:
पुरुषांच्या तिसऱ्या नावावरून भांडताय, बायकांना बहुधा पहिलंही नसायचं! सिसेरोची लेक तुलियस घराण्यातली, म्हणून तुलिया. रोमन सेनापती मार्क अँटनीला पत्नी ऑक्टेव्हियापासून झालेल्या दोन्ही मुली अँटोनियाच, थोरली आणि धाकटी. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं. जुन्या नावाने हाक मारणारी एक आई होती. ती गेली, आता ते नाव कुणाच्याच तोंडी नाही.

कोराकागद:
ताई, पण तुलियाची तीन लग्नं झाली, पिसो, क्रासिपेस, डोलाबेला. मरेपर्यंत ती तुलियाच राहिली. तेवढं तरी रोमनांचं बरं म्हणा.

अबोली:
बापाचं नाव टिकलं, तिचं कुठे होतं? गुलामाला मार्किपोर म्हणत, म्हणजे मार्कसचं पोर. सिसेरोचा गुलाम टायरो गुलामीतून सुटला तोही मालकाची दोन नावं लावून, मार्कस तुलियस टायरो. ज्याची सत्ता, त्याचं नाव.

पाणवठा:
विषय व्यंगाचा होता. कुठे नेऊन ठेवलात!

अबोली:
विषय नावाचा होता. तुम्हाला दात आठवले ते चालतं, मला तांदूळ आठवले ते नाही?

गोदाकाठ:
पाणवठा, 'गमतीने' हा शब्द मी गाळला, ते चुकलंच. पण चेष्टेचं म्हणणं मान्य नाही, स्वतःच्या नावाची गंमत ज्याची त्याने करावी. अबोलीताई, बायकांचं मी लिहायला हवं होतं.

अबोली:
मग लिहा. सिसेरो तुलियाला लाडाने तुलिओला म्हणायचा, तेही लिहा. इ.स.पू. ४५ मध्ये बाळंतपणानंतर ती गेली. त्या हाकेत तरी ती एकटीच होती.