कहूटवर उत्तरं जास्त बरोबर, तरी नंबर खाली. हिशेब कसा लागतो?

पाटीपेन्सिल:
आमच्या मंडळाची गणपतीतली प्रश्नमंजूषा कहूटवर असते, म्हणजे प्रश्न पडद्यावर आणि उत्तराचं रंगीत बटण आपापल्या फोनवर. २० प्रश्न, प्रत्येकाला २० सेकंद. हॉलमध्ये मोठा पडदा, बाहेरगावचे लोक झूमवरून. निकालात १७ बरोबर असलेला माणूस १५ बरोबरवाल्याच्या मागे कसा राहतो? वेळेला गुण असतात एवढं माहीत आहे, पण किती? आणि उत्तर नक्की माहीत नसेल तर पटकन दाबून मोकळं व्हावं की थांबावं? फोनच्या बाजूने काही तयारी करायची असते का, तेही सांगा.

घड्याळजी:
सूत्र सोपं आहे. लागलेला वेळ भागिले प्रश्नाचा एकूण वेळ. त्याचं निम्मं करा, ते १ मधून वजा करा, १००० ने गुणा. २० सेकंदांच्या प्रश्नाला ४ सेकंदांत बरोबर उत्तर दिलं तर ९००, १२ सेकंदांत दिलं तर ७००, अगदी शेवटच्या क्षणी दिलं तरी ५००. अर्ध्या सेकंदाच्या आत दाबलं तर पूर्ण १०००, पण ते वाचून दाबणं नव्हे.

आता तुमचं उदाहरण घ्या. १७ बरोबर, सरासरी १२ सेकंद: ११,९००. १५ बरोबर, सरासरी ४ सेकंद: १३,५००. सरासरी ४ सेकंदवाल्याची १४ बरोबर असती तरी १२,६००, म्हणजे तोच पुढे. १३ वर आला तर मात्र ११,७००, तिथे मागे पडला. एखादा प्रश्न दुप्पट गुणांचा ठेवलेला असेल तर त्याला १००० ऐवजी २०००, आणि तो बहुधा शेवटी ठेवतात. त्यामुळे ८००-९०० ची आघाडी म्हणजे काही पक्कं नाही.

चुकीला उणे गुण नाहीत. म्हणून रिकामं कधीच सोडू नका.

बिनधास्त_बंडू:
थोडक्यात काय, दिसलं की दाबायचं. विचार करत बसलात की गेलात.

घड्याळजी:
बंडूशेठ, इथेच लोक फसतात. २० सेकंदांच्या प्रश्नात एक सेकंद म्हणजे फक्त २५ गुण. चूक म्हणजे सगळेच गेले. समजा २ सेकंदांनी तुमची खात्री १०० पैकी ६० आहे. तेव्हाच दाबलं तर सरासरी हाती ९५० चे ६० टक्के, म्हणजे ५७०. आणखी ४ सेकंद थांबलात तर गुण उरतात ८५०. तेवढ्या वेळात खात्री ६७ टक्क्यांच्या वर गेली तरी थांबणं फायद्याचं. ८५ झाली तर ७२२ पडतात. चार पर्यायांतला एक जरी नक्की खोडता आला तरी खात्री ६७ च्या वर जाऊ शकते.

प्रश्नाची वेळ बदलली की हिशेब बदलतो. १० सेकंदांच्या प्रश्नात सेकंदाला ५०, ५ सेकंदांच्या प्रश्नात थेट १००, ६० च्या प्रश्नात जेमतेम ८. ५ सेकंदांच्या प्रश्नात पहिल्या सेकंदाला ६० टक्के खात्री असेल तर दाबाच. दोन सेकंद थांबायचं तर खात्री ७७ च्या वर जायला हवी, आणि तेवढ्यात ती सहसा जात नाही. प्रश्न अजिबातच येत नसेल, चारही पर्याय सारखेच अनोळखी, तर मात्र बंडूशेठचंच खरं. थांबून काही मिळणार नाही, पहिल्याच सेकंदाला कुठलाही दाबा.

हॉलमधला_माईक:
प्रश्न मांडणाऱ्याच्या खुर्चीतून थोडं सांगतो.

फोन दोन्ही हातांत धरा. लाल त्रिकोण डावीकडे वर, पिवळा गोल त्याच्या खाली, निळी चौकट (पत्त्यांतल्यासारखी) उजवीकडे वर, हिरवा चौरस त्याखाली. डावा अंगठा लाल-पिवळ्यावर, उजवा निळ्या-हिरव्यावर. एका तर्जनीने खेळणारा दर वेळी अर्धा-पाऊण सेकंद प्रवासात घालवतो. खरं-खोटंच्या प्रश्नात खरं निळं, खोटं लाल. डोळ्याला उलटं वाटतं, आधी लक्षात ठेवा. एकाहून जास्त उत्तरं निवडायची असतील तर शेवटी सबमिट दाबावं लागतं. रंग निवडून हात बांधून बसलेले लोक दर वर्षी दिसतात.

झूमवाल्यांचा प्रश्न वेगळा. पडद्याचं चित्र झूमवरून एक-दोन सेकंद उशिरा पोचतं, पण फोनवरची बटणं आणि घड्याळ त्यासाठी थांबत नाहीत. युट्यूबवर थेट दाखवत असाल तर उशीर आणखी मोठा. उपाय आयोजकाच्या हातात आहे: खेळ सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये प्रश्न आणि पर्याय खेळाडूंच्या फोनवरही दिसतील असं करता येतं, ते चालू करायला सांगा. हॉलमध्ये मागच्या रांगेत बसणाऱ्यांनाही त्याचाच उपयोग.

फोनची तयारी: स्क्रीन बंद होण्याची वेळ १० मिनिटांवर न्या. दोन प्रश्नांमध्ये सूत्रसंचालक गप्पा मारतो, फोन झोपतो, आणि परत येईपर्यंत पर्याय येऊन गेलेले असतात. बॅटरी सेव्हर बंद, डू नॉट डिस्टर्ब चालू. कडेने सरकवून मागे जाण्याची सोय असलेल्या फोनवर अंगठा कडेवरून ओढला गेला तर पानच बंद होतं. बटणाच्या मधोमध टेकवा, ओढू नका. हॉलच्या एकाच वायफायवर शंभर माणसं असतील तर आपला मोबाइल डेटा बरा.

टंकलेखनाच्या प्रश्नात मराठीची खास अडचण आहे. आयोजकाने १९६० देवनागरी आकड्यांत भरलं आणि तुम्ही इंग्रजी आकड्यांत लिहिलं, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी उत्तरं. 'टिळक' आणि 'लोकमान्य टिळक' यांचंही तेच. आयोजकाने पर्यायी मान्य उत्तरं भरून ठेवायला हवीत. खेळाडूने आधीच विचारून घ्यावं: आकडे कुठले, नुसतं आडनाव चालेल का. विचारायला लाजू नका.

तिरकस_वाचक:
वाचण्याबद्दल कुणीच बोललं नाही. प्रश्न पडद्यावर आधी एकटा येतो, पर्याय नंतर, आणि घड्याळ पर्याय आल्यावर सुरू होतं. ती फुकटची वेळ आहे. पर्याय येण्याआधी उत्तर मनात तयार असलं पाहिजे, मग पर्यायांत फक्त ते शोधायचं.

दुसरं, मराठीत नकार वाक्याच्या शेपटीत असतो. 'यांपैकी कोणती नदी अरबी समुद्राला मिळत नाही?' पर्याय: तापी, उल्हास, सावित्री, गोदावरी. घाईत 'अरबी समुद्राला' इथवर वाचून तापी दाबणारे निम्मे. म्हणून आधी शेवटचा शब्द बघा, मग सुरुवात.

तिसरं, जोडीने फसवणारी माहिती जोडीनेच पाठ करा. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. १ मे मराठी राजभाषा दिन. ज्ञानपीठ: खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा २००३, नेमाडे २०१४. एकेक पाठ केलं की पर्यायांत चौघे समोर आल्यावर गोंधळ होतो, ओळीने केलं की होत नाही.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे आभार. झूमचं सेटिंग आयोजकांना कळवतो. एक राहिलं: 'लोकसंख्येने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा' याला ठाणे बरोबर धरतात की पुणे? यावरून वाद होतोच.

तिरकस_वाचक:
दोन्हींना आधार आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे पहिला, १ कोटी १० लाखांच्या आसपास. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, आणि त्याच जनगणनेचे आकडे नव्या हद्दींना लावले की सुमारे ९४ लाखांचा पुणे पुढे जातो. प्रश्नात 'सध्या' असेल तर पुणे, 'जनगणनेच्या वेळी' असेल तर ठाणे. काहीच नसेल तर पुणे दाबा, जिल्हे आता ३६ आहेत.

हॉलमधला_माईक:
आणि प्रश्न मांडणाऱ्याने तो प्रश्न आधीच वगळावा. कहूटवर निकाल लागल्यावर गुण मागे घेताना सगळा हॉल अंगावर येतो.