आजीला कोरियन सिरीज मराठीत सांगताना तू म्हणू की तुम्ही?

खानापूर_पाऊस:

नमस्कार सगळ्यांना, प्रश्न जरा लांब आहे, प्लीज पूर्ण वाचा. लॉकडाऊनमध्ये मी क्रॅश लँडिंग ऑन यू बघितलं आणि तेव्हापासून कोरियन रोमँटिक कॉमेडीचं जे वेड लागलंय ते अजून गेलेलं नाही, वीसेक सिरीज तरी झाल्या असतील. यंदा पावसात घराबाहेर पडायचं नाही, मग लाईट असली की आजीला घेऊन बसतो (होय मी मुलगीच, आमच्याकडे बायका पण बसतो जातोच म्हणतात). आजीला इंग्लिश येत नाही, आणि हिंदी डबिंग लावलं तर म्हणते तोंड एक बोलतंय आणि आवाज दुसराच येवालाय, बंद कर. मग मी कोरियन आवाज तसाच ठेवतो आणि खालचं इंग्लिश वाचून तिथल्या तिथं मराठीत सांगतो.

होमटाऊन चा-चा-चा असंच पूर्ण केलं, 16 च्या 16 एपिसोड. आजीला हिरो-हिरॉइनपेक्षा त्या समुद्राकाठच्या गावातल्या तीन म्हाताऱ्या आवडल्या. गाम-री आजी दाताला एवढे पैसे कशाला घालवायचे म्हणून हटून बसते ना, तेव्हा आमची आजी म्हणाली बरोबर बोलालीय ती, मी पण तुझ्या बापाला हेच सांगितलो होतो. आणि शेवटाला त्या आजीचं जे होतं (ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी लिहीत नाही) त्यानंतर त्या रात्री आमची आजी जेवलीच नाही.

खरं माझी अडचण वेगळी आहे. मराठीत सांगायचं म्हटलं की प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतंय, तू की तुम्ही. इंग्लिशमध्ये सगळंच यू. मी आपलं पहिल्यापासून दोघांना अहो-जाहो घातलं, ती शहरातली डेंटिस्ट आणि तो अनोळखी माणूस, दुसरं काय म्हणणार? तिसऱ्या का चौथ्या एपिसोडला आजी म्हणते, अगं हा पोरगा तुम्ही म्हणतोय असं वाटत नाही, त्याची उभं राहायची पद्धत बघ की. नंतर मी नेटवर शोधलं तर आजीचं खरं निघालं! तो हिरो हाँग दु-शिक गावात सगळ्यांशी, म्हाताऱ्या माणसांशी सुद्धा, एकेरीतच बोलतो आणि त्या डेंटिस्टला, ह्ये-जिनला, सुरुवातीला त्याचाच राग येतो. खाली एकदा कॅज्युअली का बोलतोस असं काहीतरी आलं होतं, ते मी नीट बोला असं सांगून पुढं गेलो. म्हणजे त्यांच्या भांडणातला अर्धा जीवच मी काढून टाकला, फार वाईट वाटलं.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कोरियन न शिकता कानाने हे ओळखता येतं का? आणि आजीबरोबर पुढं काय बघू? घर पाहिजे, जेवणखाण पाहिजे, वडीलधारी माणसं पाहिजेत. किसिंग आलं तर चालतं, आजी तेवढ्यात चष्मा पुसून घेते.

शहापूरची_अक्का:

बाळ, ओळखता येतं आणि तुला तर सगळ्यात सोपं जाईल. वाक्याच्या शेवटाला कान दे, बाकी सोड. शेवटी यो ऐकू आला की तुम्ही. म्निदा ऐकू आला की त्याच्याही वरचं, ऑफिसची मीटिंग, मिलिटरी, स्टेजवरचं भाषण. आणि यो गळला की तू. ग्वेंचानायो म्हणजे बऱ्या आहात ना, नुसतं ग्वेंचाना म्हणजे बरी आहेस ना. सारांगहेयो आणि सारांगहे, तसंच.

आता तू खानापूरची, घरात मराठी असली तरी बसमध्ये बाजारात कन्नड कानावर पडतंच की. आपल्याकडचा तो री आठव. हौदु आणि हौदरी. एनु आणि एनरी. बा आणि बर्री. शब्द तोच, शेवटी री चिकटला की समोरचा माणूस मोठा झाला. यो अगदी तसाच चिकटतो! मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी एपिसोड थांबवून मागे नेऊन तीनदा ऐकला होता. पुण्याच्या माझ्या नणंदेला किती समजावलं तरी तिला ते ऐकू येत नाही, आणि आमच्या शेजारच्या कन्नड काकूंना एका मिनिटात कळलं.

नावाकडं पण लक्ष दे. नावापुढं शी आलं की अंतर आहे, मान आहे. निम आलं की अजून वर. आणि नावापुढं नुसतं आ किंवा या लावून हाक मारली की जवळचं माणूस, आपलं अगं अरे. ओप्पा म्हणजे बहिणीने मोठ्या भावाला मारायची हाक, खरं आपल्यापेक्षा मोठ्या बॉयफ्रेंडला पण तेच म्हणतात, ते आजीला दादा म्हणून सांगू नकोस, घोटाळा होईल, अहो म्हण. पोराने मोठ्या बहिणीला नूना, आपण अक्का म्हणतो तसं. आई ओम्मा आणि वडील आप्पा, हे तर कन्नड घरातल्या अप्पासारखंच ऐकू येतं, आजीला सांगावं पण लागणार नाही.

आणि भेटल्या भेटल्या ते वय विचारतात ना, चौकशी म्हणून नाही विचारत. कोण कुणाला एकेरीत बोलू शकतो ते त्यावर ठरतं. ओळखीत मोठ्याने लहानाला एकेरीत बोललं तर बहुतेक चालतं, लहानाने मोठ्याला न विचारता नाही. माझ्याशी एकेरीत बोला असं सांगायचं असेल तर कोरियनमध्ये शब्दशः बोलणं खाली ठेवा म्हणतात, डोक्यावरची घागर खाली ठेवावी तसं. मला हा शब्द फार आवडतो.

माझं तर ठाम मत आहे की या सिरीजमध्ये प्रेम कुठं सुरू होतं ते किस बघून कळत नाही, बोलणं खाली कधी ठेवलं ते बघून कळतं. आणि कुणाला ठेवायची मुभाच नाही ते पण बघावं. व्हॉट्स राँग विथ सेक्रेटरी किम (2018) मला आवडते, पार्क मिन-यंग काय काम करते त्यात, 9 वर्षं ज्याचा टाय बांधला त्याला नोकरी सोडते म्हणून शांतपणे सांगते. खरं तो साहेब तिला एकेरीत आणि ती त्याला निम लावून, आणि प्रेमात पडल्यावर पण तिच्या तोंडातला यो लवकर सुटत नाही, ते मला टोचतं. लोक म्हणतात क्यूट आहे. असेल. मला तिथं मालक आणि नोकर दिसतात आणि ती बाई त्याच्यापेक्षा हुशार आहे.

आजीसाठी क्वीन ऑफ टीअर्स (2024) लाव, निदान पहिला अर्धा भाग. त्यात श्रीमंत घराण्यात पितरांच्या पूजेचा स्वयंपाक असतो आणि तो सगळा जावईमंडळी करतात, वकील झालेली, एवढी शिकलेली माणसं किचनमध्ये उभी राहून तळालीत. आमच्याकडे पितृपंधरवड्यात चार दिवस आधीपासून चूल पेटलेली असते, त्यामुळे ते बघून सासूबाईंनी सगळ्या सुनांना हाका मारून बोलावलं होतं. दुसऱ्या अर्ध्यात मात्र आजारपण, खलनायक, अपघात असं एवढं कोंबलंय की नवऱ्याचं गावाकडचं घर मागं पडतं. मूळ गोष्ट किती साधी होती, लग्नाला 3 वर्षं झालेले नवरा-बायको परत एकमेकांशी बोलायला लागतात, तेवढ्यावर ती सिरीज उभी राहिली असती.

निपाणी_तालीम:

अक्कांनी भारी सांगितलंय, री आणि यो हे आमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पाऊस ताई, तुम्ही वेटलिफ्टिंग फेअरी किम बोक-जू लावा, डोळे झाकून लावा. 2016 ची आहे. स्पोर्ट्स कॉलेजमधली वजन उचलणारी पोरगी, वडिलांचं तळलेल्या चिकनचं छोटं दुकान, आणि ती पोरगी जेवते म्हणजे खरंच जेवते, हिरॉइनसारखं चिमणीएवढं नाही. माझी चुलत बहीण कुस्ती करते, मॅटवर पण आणि मातीत पण, तिला नातेवाईक लग्नाचं कसं होणार म्हणून एवढं बोललेत की तिने एक वर्ष तालीम सोडली होती. तिला ही सिरीज मी लावून दिली. बोक-जू एका डॉक्टरवर भाळते आणि आपण वेटलिफ्टर आहोत हे त्याच्यापासून लपवते, वजन कमी करायच्या त्याच्या क्लिनिकात जाऊन बसते, तो भाग बघताना बहीण एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला उठवून म्हणाली दादा गाडी काढ, तालमीत सोड. अजून जाते.

ही गोष्ट कोरियाची ऑलिम्पिक वेटलिफ्टर जांग मी-रान (2008 बीजिंगचं गोल्ड) हिच्यावरून सुचलेली. त्यांच्या टीव्हीवर लागली तेव्हा समोर मोठ्या स्टारांची सिरीज होती, त्यामुळे हिचा टीआरपी पडला, खरं नंतर जगभर लोकांनी डोक्यावर घेतली.

तू-तुम्हीचा ताप पण यात नाही, ती दोघं एकाच वयाची, प्राथमिक शाळेतली ओळख, पहिल्यापासून तूच. चिंगू म्हणतात त्याला, मित्र, खरं बहुतेक एका वयाचे असले तरच. तुम्ही बिनधास्त अगं अरे करा आणि लहानपणीचं चिडवायचं नाव आलं की आजीला आपलं इथलं काहीतरी सांगा.

टिळकवाडीकर:

अक्कांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. बोलणं खाली ठेवलं म्हणजेच प्रेम, हे सगळीकडं लागू होत नाही. व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स (2019) बघा. योंग-शिक तिला शेवटपर्यंत दोंगबेक-शी म्हणतो. ती एकटीने मूल वाढवणारी बाई, गल्लीत छोटं दारू-जेवणाचं दुकान चालवते, सगळं गाव तिला हलक्यात घेतं, एकेरीत बोलतं, त्यात हा एकटा पोलीस येतो आणि तिच्या नावापुढचा शी सोडत नाही. त्या बाईला आयुष्यात मिळालेला तो पहिला मान आहे, तो खाली ठेवून कसं चालेल? क्रॅश लँडिंगमध्ये पण हिरॉइन से-री त्या उत्तर कोरियाच्या कॅप्टनला री जोंग-ह्योक-शी असं पूर्ण नाव घेऊन हाक मारते, सुरुवातीला धाक म्हणून, आणि शेवटी तीच हाक ऐकून डोळ्यात पाणी येतं.

दुसरं मला कॅमेलिया जास्त आवडायचं कारण भाषा. योंग-शिक चुंगचाँगकडची बोली बोलतो, सावकाश, ओढून, आणि तो हिरो आहे. रिप्लाय 1997 मध्ये जवळजवळ सगळी पोरं बुसानची बोली बोलतात आणि सगळ्या कोरियाने ती डोक्यावर घेतली. व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स (2025) ही काही रॉमकॉम नाही, खरं तिचं कोरियन नावच जेजू बेटावरच्या बोलीत आहे, खूप कष्ट घेतलेत तुम्ही असा अर्थ. मी पुण्यात 6 वर्षं नोकरी केली, मीटिंगमध्ये एकदा तोंडातून करालोय गेलं तर आठवडाभर लोक करालोय करालोय म्हणून माझ्यामागं होते. आपली बोली बोलणारा माणूस पडद्यावर प्रेम करतोय, रडतोय, त्याच्यावर कुणी हसत नाही, हे मला बघायचंय आणि ते मी कोरियनमध्ये बघतोय.

क्रॅश लँडिंगबद्दल अजून एक, सीमाभागात राहणाऱ्याकडून ती वेगळ्या डोळ्यांनी बघितली जाते. माझी मोठी अक्का चंदगडला दिलीय, राज्य दुसरं, खरं सकाळी बस धरली की दुपारी जेवायला इथं. सिरीजमध्ये से-री दक्षिण कोरियाची आणि कॅप्टन उत्तरेचा, खरं त्या दोघांची भाषा एक, जेवण एक, हाका एक, आणि मध्ये अशी रेषा की फोन पण लागत नाही. ते तारेचं कुंपण आलं की आमच्या घरात कुणी बोलत नाही.

(कॅमेलियामध्ये एक खुनाचा धागा पण आहे, मधूनमधून भीतीदायक होतो, आजीला रात्री झोपायच्या आधी नको.)

संकेश्वर_तिखट:

सिरीजचं सगळं वर आलंच आहे, मी फक्त जेवणाचं सांगते. आजी किमची किमची (त्यांचं कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं) म्हणायला लागणारच, आमच्याकडं झालंय ते. कोरियन तिखट मागवायची गरज नाही. रंगाला ब्याडगी, आणि चवीला थोडी संकेश्वरी, बी काढून जाडसर कुटायची. सगळी संकेश्वरी घालायची नाही, मी घातली होती, कुणाला खाता आली नाही. कोबी मिठात चांगला मऊ पडू दे, लसूण-आलं सढळ, आणि काचेची बरणी गच्च भरू नका, किमची फुगते.

खानापूर_पाऊस:

सगळ्यांना मनापासून थँक्यू. निपाणीचे दादा, तुमच्या बहिणीचं आजीला वाचून दाखवलं, ती म्हणाली त्या पोरीला सांग दूध पी आणि कुणाचं ऐकू नको.

काल दुपारीच कॅमेलिया लावलं, टिळकवाडीचे दादा म्हणाले तसं रात्री नाही लावलं. आधी आजीला यो आणि री सांगितलं. तिला कन्नड येतं, माझ्यापेक्षा चांगलं, माहेर तिचं गोकाककडचं. पहिली दहा मिनिटं ती नुसती मान हलवत होती, मग यो आला की बोट वर करायला लागली. एकदा दुकानात एक माणूस दोंगबेकशी बोलत होता आणि आजीने बोट वर केलंच नाही, माझ्याकडं बघून म्हणाली याने री लावला नाही बघ. मी अजून खालचं वाचलं पण नव्हतं.

मग शी वरून तिने आजोबांचं काढलं. 46 वर्षं संसार, कायम अहो. आजोबा तिला नावाने हाक मारायचे, खरं चार माणसांत नेहमी अहो ऐकलंत का म्हणायचे, ते तिला आवडायचं म्हणे. हे मला माहीतच नव्हतं, मी आजोबांना फोटोतच बघितलंय. त्यामुळे अक्का, तुमचा मुद्दा मला पटलेला आहे खरं आजी टिळकवाडीच्या बाजूने आहे.

आता नवीन अडचण. यानंतर तिला क्रॅश लँडिंग दाखवायचंय, आणि त्यातला कॅप्टन वाक्याच्या शेवटी यो पण लावत नाही आणि एकेरी पण वाटत नाही, सो सो असं काहीतरी ऐकू येतं, जुन्या वळणाचं. ते मराठीत कसं सांगू? आजी म्हणते तिचे वडील तिच्या आईशी बोलायचे तसं सांग, मग मी विचारलं कसं बोलायचे, तर म्हणाली थांब आठवून सांगते.